खजिना आमचा, जाणकार उपाशी

‘कलेचा इतिहास शिकून पोरगी खाणार काय?’ हा सवाल एक वेळ साऱ्या देशात विचारला जावा, पण हैदराबादेत विचारला जाऊ नये. मुसीच्या काठी सालारजंग घराण्याने जमवलेल्या चाळीस हजारांहून अधिक वस्तू पाहायला इथे रोज तिकिटाच्या रांगा लागतात. पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत. कुतुबशाही सुलतानांच्या कबरी, पायगा उमरावांच्या मकबऱ्यांवरचे चुनेगच्ची नक्षीकाम, काकतीयांचे घोटीव काळे खांब हे सारे या शहरात आणि त्याच्या आसपास उभे आहे. अशा शहरातल्या आईबापांना कलेचा इतिहास म्हणजे उपासमार वाटते. ही लाज त्या मुलीची नाही. ती या राज्याची, केंद्र सरकारची, इथल्या विद्यापीठांची आणि आम्हां नागरिकांची आहे, आणि ती आज आम्ही नावे घेऊन मांडणार आहोत.

इंटरचा निकाल लागला की काय होते ते काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंत प्रत्येक घराला ठाऊक आहे. एमपीसी आणि बायपीसी, म्हणजे इंजिनिअरिंगची आणि डॉक्टरकीची, या दोन दावणींपैकी एकीला मूल बांधलेले असते. त्याने वर मान करून ‘मला आर्ट हिस्टरी शिकायची आहे’ म्हटले की घरात सुतक पडते. काका समजावायला येतात, आत्या रडते, शेजारचे सॉफ्टवेअरवाले दादा पगाराचा आकडा सांगतात. तो विषय नेमका काय, हे त्यातल्या एकालाही माहीत नसते. ‘म्हणजे चित्रकला ना?’ इथूनच गाडी सुरू होते. गच्चीबावलीच्या केंद्रीय विद्यापीठात, सरोजिनी नायडूंच्या नावाच्या विद्याशाखेत, हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो, हे याच शहरातल्या किती प्राध्यापकांना ठाऊक असेल? मासाब टँकला तर ललित कलांसाठी २००८ पासून स्वतंत्र विद्यापीठच आहे. विषय आहे, इमारती आहेत, मुले आहेत. पदवी हातात पडली की पुढे भिंत आहे.

ती भिंत कोणी बांधली ते पाहू.

आधी काम काय असते ते सांगतो, कारण ‘चित्रे बघून गोड बोलणे’ हीच समजूत वरपासून खालपर्यंत पसरली आहे. दख्खनचे एखादे जुने फारसी हस्तलिखित समोर ठेवा. पाहुणा मधले सोन्याचे चित्र पाहतो आणि पुढे सरकतो. जाणता माणूस आधी पहिले पान उलटतो. तिथे तीनचार शिक्के असतात, एखादा नंतरच्या मालकाने घासून पुसलेला. शेजारी बारीक फारसी अक्षरांत नोंद असते की अमुक सनात ग्रंथ तपासला, तमुक किताबदाराच्या हवाली केला, किंमत इतके रुपये. या एका पानावरून पोथी विजापूरच्या शाही कुतुबखान्यात होती का, १६८६ साली विजापूर पडल्यावर ती औरंगजेबाच्या माणसांच्या हाती गेली का, तिथून कोणत्या उमरावाच्या घरी आली, याचा माग लागतो. मग कागद उजेडात धरायचा, हाशिया मूळचा की नंतर चिकटवलेला ते पाहायचे, निळ्या रंगाखाली दुसऱ्या हाताची डागडुजी शोधायची, चेहऱ्याची रेषा गोवळकोंड्याची की औरंगाबादची हे ठरवायचे. यासाठी भाषा लागते, लिपी लागते, रसायनाचे थोडे ज्ञान लागते आणि वर्षानुवर्षे तयार झालेली नजर लागते. डॉक्टर घडायला लागतात तेवढीच वर्षे इथे लागतात. त्या माणसाला सहा महिन्यांच्या कंत्राटावर, ठोक मानधनावर बोलावणे आणि मुदत संपताच घरी पाठवणे हा त्या विद्येचा अपमान आहे, आणि आमच्या सांस्कृतिक संस्थांत हा अपमान नित्याचा झाला आहे.

निजामी राजवटीविरुद्ध आमचे आजोबा लढले. तुरुंगात गेले, घरेदारे सोडून सरहद्दीवरच्या शिबिरांत राहिले. त्या राजवटीची भलामण करायला आम्ही ही लेखणी उचललेली नाही. पण सत्य सांगायलाच हवे. त्याच राजवटीने १९१४ साली पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम यझदानी नावाच्या विद्वानाला त्याचे प्रमुख केले. ते १९४३ पर्यंत त्या पदावर होते. जवळजवळ तीस वर्षे एका जाणत्या माणसाला पगार, अधिकार, कॅमेरे, चित्रकार आणि छापखान्याचा खर्च मिळाला, तेव्हा अजिंठ्याचे चार खंड जगापुढे आले. पहिला १९३० साली निघाला आणि चौथा १९५५ साली. त्या राजवटीचा जवळजवळ तीस वर्षांचा हा धीर लोकनियुक्त सरकारांना का साधत नाही?

अजिंठा आज महाराष्ट्रात आहे, म्हणून ही कथा आमच्या मराठवाड्याचीही आहे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला. लेणी तिकडे गेली, प्रतिकृती इकडे राहिल्या. त्या प्रतिकृती किती मोलाच्या आहेत हे कळायला आधीचा इतिहास आठवावा लागतो. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून चित्रे उतरवली. त्यांतली बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत खाक झाली. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा चित्रे केली. त्यांतलीही बरीचशी १८८५ साली लंडनमध्येच जळाली. १९०९ नंतर लेडी हेरिंगहॅमबरोबर नंदलाल बोसांसारखे तरुण आले आणि त्यांच्या जोडीला हैदराबादचे सय्यद अहमद होते. त्याच सय्यद अहमदांच्या हातच्या प्रतिकृती या शहरात आहेत. मूळ भिंतींवरचा रंग झडतो आहे, म्हणजे काही ठिकाणी तर या प्रतीच पुरावा ठरणार. त्या प्रतींसमोर उभे राहून ही कथा सांगायला शिकलेली, पगारी, कायम नोकरीतली माणसे तिथे का असू नयेत?

जाणत्यांवाचून काय होते तेही अजिंठ्यातच दिसले. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी हे तज्ज्ञ आणवले. निखळणारा रंगाचा थर त्यांनी पक्का बसवला, पण वर लाखेचा लेप दिला. काही दशकांत तो लेप पिवळा पडला, काळवंडला, आणि खालचे चित्र झाकोळून गेले. तो उतरवायला आमच्या पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना पुढे कित्येक वर्षे खपावे लागले. चेक्कोनी त्या काळचे नामांकित तज्ज्ञ होते, त्यांच्या हेतूवर आम्हांला शंका नाही. पण इटलीची भिंत आणि दख्खनची भिंत यांतला फरक ओळखणारा, चित्राचा इतिहास आणि रंगाचे रसायन दोन्ही जाणणारा माणूस इथेच घडवावा लागतो. तो आयात होत नाही.

आता केंद्र सरकारकडे वळू. निजामाच्या जवाहिराचे १७३ नग १९९५ साली भारत सरकारने २१८ कोटी रुपये मोजून विकत घेतले. त्यांत १८४ कॅरटांहून मोठा जेकब हिरा आहे. हा पैसा जनतेचा होता. आणि ते जवाहीर कुठे आहे? रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत. मधूनमधून थोड्या दिवसांसाठी प्रदर्शन भरते, २०१९ साली दिल्लीत भरले, आणि पुन्हा कुलूप. हैदराबादच्या लोकांनी दालन मागितले, सुरक्षेचे कारण पुढे आले. तीस वर्षांत एक सुरक्षित दालन बांधता येऊ नये? त्या १७३ नगांवर संशोधन करणारी, कोणता सरपेच कोणत्या कारागिराच्या घडणीचा, कोलंबियाचा पाचू दख्खनमध्ये कसा आला, मीनाकारी जयपुरी की हैदराबादी, याचा छडा लावणारी दहा तरुण माणसे या एका संग्रहावर जन्मभर पोट भरू शकतात. सरकारने हिरे विकत घेतले आणि त्यांच्याबद्दलचे ज्ञान विकत घ्यायचे नाकारले.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ साली संरक्षित स्मारकांची तपासणी केली. लेखापरीक्षकांनी पाहिलेल्या १,६५५ स्मारकांपैकी ९२ जागेवर नव्हती. गायब! नाणे हरवावे तशी स्मारके हरवली. पुढे शोधाशोध झाली, काही सापडली, आणि तरीही २४ स्मारकांचा पत्ता लागत नाही असे सरकारलाच संसदीय समितीपुढे सांगावे लागले. स्मारक हरवते कारण त्याची नोंद ठेवणारा, दर वर्षी तिथे जाऊन फोटो काढणारा, आजूबाजूच्या बांधकामावर नजर ठेवणारा माणूस नेमलेला नसतो. आणि त्याच वेळी ते काम करू शकणारा पदवीधर हायटेक सिटीच्या एखाद्या काचेच्या इमारतीत रात्रपाळीला परदेशी ग्राहकांचे फोन घेत असतो.

केंद्रीय लोकसेवा आयोगाचा कारभार पाहा. मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्याच पत्रिकेत प्राचीन काळापासून आजपर्यंतचे कलाप्रकार, साहित्य आणि वास्तुकला लावलेली आहे. जिल्हाधिकारी होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ती वाचली पाहिजे. पण वैकल्पिक विषयांच्या यादीत कलेचा इतिहास नाही! म्हणजे लाखो उमेदवारांनी अशोकनगरच्या कोचिंग वर्गांत मंदिरांच्या शैलींचे तक्ते घोकायचे, आणि जे मूल तो विषय खऱ्या अर्थाने शिकले त्याच्या पदवीला तिथे जागा नाही. आयोगाला हे अन्यायाचे वाटत नसेल तर आम्ही ठासून सांगतो, हा अन्याय आहे.

राज्य सरकारची पाळी टळणार नाही. या शहरात नगररचनेच्या नियमांतला तेरावा नियम वारसा-इमारतींचे रक्षण करत होता. डिसेंबर २०१५ मध्ये तो सरकारी आदेशाने काढून टाकला गेला. २०१७ साली नवा वारसा कायदा आला. पण मधल्या काळात जुन्या यादीतल्या इमारती उघड्या पडल्या. मग २०१९ साली इर्रम मंझिल हा जुना महाल पाडून तिथे नवे विधानभवन बांधण्याचा घाट घातला गेला. सरकार न्यायालयात म्हणाले, नियमच उरला नाही तर वारसा कुठला? नागरिक लढले, अभ्यासकांनी कागद पुरवले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मंत्रिमंडळाचा तो निर्णय रद्द केला. त्या लढ्यात इमारतीचा काळ, मालकी, शैली, नकाशे यांची जी जुळवाजुळव करावी लागली ती कला-इतिहासाचीच विद्या होती. सरकारने स्वतःच्या वास्तूंसाठी ही विद्या पदरी बाळगायला हवी होती. ती सरकारच्या विरोधात, स्वखर्चाने, न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभी राहिली.

तारनाक्याला राज्य अभिलेखागार आहे. शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दीड लाखाच्या घरातले दख्खनचे कागद तिथे आहेत. मराठ्यांच्या इतिहासाचा अर्धा पुरावा फारसीत आहे हे सेतुमाधवराव पगडींनी आम्हांला दाखवून दिले, आणि पगडी याच हैदराबाद संस्थानच्या सेवेत घडले. आज ते कागद वाचणारे किती उरले? २०२२ साली त्यांच्या जतनासाठी आणि डिजिटल प्रतींसाठी राज्याला इराणच्या नूर मायक्रोफिल्म केंद्राशी करार करावा लागला. इराणी तज्ज्ञांचे आम्ही मनापासून आभार मानतो. पण शतकानुशतके ज्या शहरात फारसी लिहिली गेली, त्या शहराला आपल्याच दप्तरासाठी तेहरानकडे पाहावे लागते, याचे उत्तर कोणाकडे मागायचे?

जगाने मात्र दख्खनची किंमत ओळखली आहे. २०१५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने दख्खनी सुलतानांच्या कलेचे भव्य प्रदर्शन भरवले, जाडजूड ग्रंथ काढला. अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठातले वॉल्टर स्पिंक यांनी सारे आयुष्य अजिंठ्यावर वाहिले. हैदराबादचे जगदीश आणि कमला मित्तल या दांपत्याने स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या डोळ्याच्या बळावर जो संग्रह उभा केला आणि १९७६ साली न्यासाच्या हवाली केला, त्यासाठी परदेशी अभ्यासक इथे येत राहिले. आमच्या विद्यार्थ्याला त्याच वस्तूंवर लिहायचे असेल तर त्याला आधी परदेशी विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवावी लागते. आपल्या अंगणातल्या वस्तूवर बोलायला त्याला परक्याच्या दारातून आत यावे लागते.

आणि पैसा नाही हे तर साफ खोटे आहे. पंढरपुरात जन्मलेल्या, हैदराबादेत ‘सिनेमाघर’ उभारणाऱ्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १.३७ कोटी डॉलरांहून अधिक किमतीला, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. ते कित्येक दशके नॉर्वेतल्या एका रुग्णालयाकडे होते. असा एकेक व्यवहार होतो तेव्हा चित्र खरे की बनावट, कोणाकडून कोणाकडे गेले, कुठे प्रदर्शित झाले, दुरुस्ती किती झाली हे तपासणारी माणसे लागतात. लिलावगृहांना लागतात, विमा कंपन्यांना लागतात, बँकांना लागतात, सीमाशुल्क खात्याला लागतात, पोलिसांना तर फारच लागतात. तामिळनाडूतल्या श्रीपुरंतनचा नटराज चोरीला गेला, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो ५० लाख डॉलर मोजून घेतला, आणि २०१४ साली तो परत आला. का आला? पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेत त्या मूर्तीचे देवळातले जुने छायाचित्र होते म्हणून. कोणीतरी पगार घेऊन, खेड्यापाड्यांत हिंडून, मूर्तीमूर्तीचा फोटो काढून, कपाटात नीट लावून ठेवला होता. तेलंगणातल्या आणि मराठवाड्यातल्या किती देवळांतल्या मूर्तींची अशी नोंद आहे? नांदेड, लातूर, निझामाबाद, करीमनगर या पट्ट्यात चालुक्यांच्या काळापासूनची देवळे विखुरलेली आहेत. ती नोंद करायला शंभर तरुण पाठवले तर काम दहा वर्षे पुरेल.

हैदराबादच्या चित्रपटधंद्यालाही आम्ही जाब विचारतो. रामोजी फिल्म सिटीत राजवाडे उभे राहतात, इथल्या व्हीएफएक्स स्टुडिओंत अख्खी प्राचीन नगरे संगणकावर बांधली जातात, त्यांवर कोट्यवधी रुपये ओतले जातात. तिथे काकतीय खांबाचे घडे आणि कणी कशी असते, बाराव्या शतकातल्या सेनापतीच्या कमरेला कोणत्या बनावटीची कट्यार असे, हे सांगणारा अभ्यासक कायम नोकरीवर हवा. कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यासाठी द्यावी लागते, आणि त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा, कला, ऐतिहासिक वास्तू यांचे जतन स्पष्ट नमूद आहे. माधापूर-गच्चीबावलीच्या कंपन्यांनी त्यातून एकेका अभ्यासकाचा पाच वर्षांचा पगार उचलावा. कायदा त्यांच्या बाजूला आहे, फक्त इच्छा हवी. आगाखान न्यासाने २०१३ पासून कुतुबशाही कबरींवर दशकभर काम करून दाखवले की पैसा, कारागीर आणि अभ्यासक एकत्र आले तर पडक्या भिंतीचे काय होऊ शकते.

शेवटी आमच्या मराठी माणसांशी दोन शब्द. सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा इथे आपली पिढ्यान्‌पिढ्यांची घरे. शंभर वर्षांहून जुनी विवेक वर्धिनी आपली, ग्रंथसंग्रहालय आपले. जे. जे. मध्ये आणि मग युरोपात शिकून आलेले चित्रकार रामकृष्ण वामन देऊसकर आपल्याच गावचे. त्यांचे नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे? महाराष्ट्रातून पाहुणे आले की आपण त्यांना सालारजंगला नेतो. बेन्झोनीची ती घुंगटातली रेबेका दाखवतो. १८७६ साली पहिले सालारजंग ती रोमहून घेऊन आले, हे अभिमानाने सांगतो. दगडाचा पडदा झिरझिरीत कसा झाला म्हणून पाहुणे थक्क होतात, आपण त्यांचा फोटो काढतो. आणि घरी आल्यावर आपलीच नात म्हणते की मला हेच शिकायचे आहे, तेव्हा आपण तिच्यावर ओरडतो. हे थांबवा. तिला आधी फारसी शिकवा, मोडी शिकवा, तेलुगू तर तिला येतेच. जी मुलगी या तिन्ही लिपी आणि तिन्ही भाषा वाचेल तिच्या तोडीचा दख्खनचा अभ्यासक जगात मोजका सापडेल. घरच्यांनी तीन वर्षे पाठीशी उभे राहायचे आणि नोकरीसाठी सरकारच्या दारात तिच्याबरोबर उभे राहायचे. इंजिनिअरिंगच्या खाजगी कॉलेजांत भरता तेवढ्या पैशांत हे होते.

सालारजंग संग्रहालय १९६१ च्या संसदीय कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाले आहे आणि तेलंगणाचे राज्यपाल त्याच्या मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष आहेत. तेव्हा हा सवाल आम्ही थेट राज्यपालांना घालतो. संग्रहाच्या प्रत्येक विभागावर कला-इतिहास शिकलेला, कायम नोकरीतला क्युरेटर नेमला जाईल का? केंद्रीय विद्यापीठाच्या आणि मासाब टँकच्या विद्यार्थ्यांना संग्रहालयाच्या भांडारात दोन वर्षांची सवेतन उमेदवारी मिळेल का? निजामाच्या १७३ नगांसाठी हैदराबादेत दालन बांधण्याचा ठराव मंडळ केंद्राकडे पाठवेल का, आणि त्या दालनाच्या मंजुरीतच संशोधकांची पदे धरली जातील का? राज्य सरकारने वारसा समित्यांवर बिल्डरांच्या आणि नगररचनाकारांच्या बरोबरीने कला-इतिहासकाराला मताचा अधिकार द्यावा, आणि तारनाक्याच्या अभिलेखागारात फारसी-मोडी वाचकांची पदे यंदाच्याच अर्थसंकल्पात धरावीत. आम्हांला आश्वासने नकोत. पदांचा आकडा, वेतनश्रेणी आणि जाहिरातीची तारीख या तीन गोष्टी लेखी हव्यात, आणि त्या मिळेपर्यंत हे अग्रलेखाचे पान या विषयावरून हटणार नाही.